ललितच्या आवाजाची कॅसेट

।। कानबाई माता प्रसन्न ।।

पिंपरखेडे, ता. शिंदखेडा
१२ डिसेंबर २००४

चि. हिलाल यास रंजनाअक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र नाही, निरोप नाही, सुरतेत शाई महागली की काय? भाऊकीतल्या मगन आबांचा फोन पावसाळ्यापासून मुका पडलाय, म्हणून मीच लिहायला बसले. मी अजून मायजवळच आहे. तुझे दाजी तिकडे बेटावदला हाताने भाकरी थापतात आणि गल्लीभर सांगत फिरतात की बायको माहेरी चैन करते. माझी चैन म्हणजे मायपुढे ताट धरायचं आणि संध्याकाळी तेच ताट गाईला घालायचं.

माय खात नाही रे. कमरेचं हाड जुळलं असं डॉक्टर म्हणतात, पण ललित गेल्यापासून ती उठायचं नावच घेत नाही. बावीस वर्षांचं शेंडेफळ पाच दिवसांच्या तापात गेलं. तुम्ही क्रियाकर्म तिकडे सुरतेतच उरकलंत, इलाज नव्हता, हे मला कळतं. पण तिने त्याचं तोंड पाहिलं नाही. माझ्या योगिताच्या लग्नाआधी पंधरा दिवस ती उंबऱ्यात पडली, म्हणून त्या लग्नालाही सुरतेला आली नाही. मागच्या वैशाखात आखाजीच्या सणाला ललित घरी येऊन गेला, तीच त्यांची शेवटची भेट.

आता तिचा एकच हट्ट आहे. ललितने लग्नात माईकवर मंगलाष्टकं म्हटली आणि शेवटचं कडवं स्वतः रचून त्यात मायचं नाव घातलं, हे तिला कुणीतरी सांगितलं. तेव्हापासून येईल त्याला ती ते कडवं म्हणून दाखवायला सांगते. कुणाला आठवत नाही. मी नवरीची आई, माझं लक्ष कुठे असणार? लांब खाटेवर पडलेल्या आईबद्दल काहीतरी होतं आणि बायकांनी डोळ्यांना पदर लावले, एवढंच मला आठवतं.

तू दिलेली लग्नाची सीडी सरपंचाकडे लावून पाहिली तर नुसते चौकोन नाचतात. पण मगन आबांचा जुना व्हीसीआर चालू आहे. आठवतो ना, पूर्वी ते गावोगाव भाड्याने द्यायचे तो? तेव्हा तुझ्या कॉम्प्युटरमधलं लग्न एका कॅसेटवर उतरवून पाठव. माय म्हणते, चित्र नसलं तरी चालेल, मला नुसती सावली दिसते. मला त्याला ऐकायचंय. तू लग्नाच्या फिल्मा जोडणारा, मिक्सिंगमधला मास्तर, तुला हा हातचा मळ.

मुलांना पापे. या अक्काला विसरू नकोस म्हणजे झालं.

तुझी,
रंजनाअक्का


पांडेसरा, सुरत
२४ डिसेंबर २००४

ती. अक्कास हिलालचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

पत्र मिळालं. तू हे मायला वाचून दाखवशील, म्हणून आधी तिला माझा नमस्कार सांग. माय, जेवत जा. तुझी सून ज्योती इथे रोज तुझी आठवण काढते आणि तुझ्यासारखं भरीत होत नाही म्हणून माझ्यावर चिडते.

कॅसेटचं म्हणशील तर वाटतं तितकं सोपं नाही. कोरी कॅसेट आता सुरतेत मिळत नाही. कतारगामला एका दुकानदाराने तर विचारलं की काका, कोणत्या जमान्यातून आलात. शिवाय कॉम्प्युटरमधलं कॅसेटवर उतरवायचं म्हणजे पावणेतीन तासांचं लग्न पूर्ण चालू द्यायचं, तारा जोडून व्हीसीआरने ते बाजूला भरून घ्यायचं. मध्येच कॉम्प्युटर गरम होऊन अडकतो, की पुन्हा पहिल्यापासून. आमच्या स्टुडिओतल्या व्हीसीआरवर गेली दोन वर्षं पंखा ठेवलेला आहे.

आणि अक्का, त्या दिवशी मांडवात भोंग्याचा आवाज फार घोंघावत होता. ऐकून मायचं समाधान होईल असं मला वाटत नाही. त्यापेक्षा मी ललितचा फोटो मोठा करून, काच लावून पाठवतो. घाई नको, एवढंच म्हणतो.

दाजींना नमस्कार. माया आहेच, ती वाढावी.

तुझा,
हिलाल


पिंपरखेडे
९ जानेवारी २००५

चि. हिलाल यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

नाचता येईना अंगण वाकडं! कधी कॅसेट मिळत नाही, कधी मशीन गरम होतं, कधी भोंगा घोंघावतो. अरे, जगाची लग्नं जोडून देतोस आणि घरच्या लग्नाला तुझ्या तारा सापडत नाहीत?

फोटो पोचला. मायने त्यावरून हात फिरवला आणि म्हणाली की ही तर काच आहे. मग मला परत दिला. तो मी देव्हाऱ्याशेजारी लावलाय.

कॅसेटचा प्रश्न मी मिटवलाय. मगन आबांकडे तीन तासांची एक आहे, त्यांच्या घरच्या कानबाईच्या उत्सवाची, १९८९ सालची. धुळ्याहून कॅमेरावाला आणला होता, तेव्हा गाव नुसतं त्याच्यामागे पळत होतं. आबांनी आपण होऊन काढून दिली. म्हणाले, कानबाई काय, दर श्रावणात येतेच, जुनी ठेवून काय करायची? कॅसेट गल्लीतल्या धुडकूबरोबर पाठवतेय. तो सोमवारच्या पॅसेंजरने सुरतेला त्याच्या कापडाच्या लूमवर परत जातोय. सोबत ज्वारीचे पापड, आपले बिबडे, आहेत, ते ज्योतीच्या हाती पडू देत, वाटेतच संपवू नका.

आणखी एक सांगते. कॅसेट सुरतेला निघाली हे ऐकून मायने काल अर्धी भाकर खाल्ली. आज काठी मागितली आणि दारापर्यंत आली. सहा महिन्यांत पहिल्यांदा, हिलाल. आबांच्या ओट्यावर खाट कुठे टाकायची तेही ठरवून ठेवलंय. आता तुझी कुठलीही सबब मी तिला वाचून दाखवणार नाही.

लवकर पाठव. बाकी सगळं तुझ्या हाती.

रंजनाअक्का


पांडेसरा, सुरत
२० जानेवारी २००५

ती. अक्कास शि. सा. नमस्कार. वि. वि.

हे पत्र मायला वाचून दाखवू नकोस. दार लावून एकटी वाच.

सबबी नव्हत्या अक्का, तोंड लपवत होतो. लग्नाच्या फिल्ममध्ये ललितचा आवाज नाही. मीच काढून टाकला.

आमच्या धंद्यात लग्नाचा मूळ आवाज कुणी ठेवत नाही. भांडी वाजतात, पोरं रडतात, जनरेटर चालू असतो. सगळं पुसायचं आणि वर गाणी टाकायची, हीच रीत. मंगलाष्टकं तरी ठेवतात. पण ललितला सर्दी होती, त्यात भोंगा घोंघावत होता, आणि शेवटच्या कडव्याला, मायच्या नावावर, त्याचा आवाज फाटला. घरचं लग्न म्हणून मला हीच फिल्म गिऱ्हाइकांना नमुना म्हणून दाखवायची होती. मी बाजारातल्या तयार मंगलाष्टकांचा आवाज तिथे बसवला. इतका बेमालूम बसवला की योगितालासुद्धा कळलं नाही. ओठ ललितचे हलतात आणि गातो कोणीतरी भलताच.

तेव्हा ललित माझ्या शेजारीच स्टुलावर बसला होता. मिलमधून सुटून आला होता, हाताला रंग तसाच. हसला, म्हणाला, भाऊ, तू तर मला गवई केलंस. मग थोड्या वेळाने त्याने विचारलं की शेवटचं कडवं तेवढं माझ्या आवाजात राहू देशील का. मी म्हणालो, नेमकं तिथेच तर फाटलंय, लोक हसतील. तो बरं म्हणाला. नुसतं बरं. ते बरं माझ्या कानातून जात नाही.

कॅमेऱ्याच्या मूळ टेपवर आठवड्याभरात दुसऱ्याचं लग्न भरलं. आम्ही एकेक टेप घासेपर्यंत वापरतो. कॉम्प्युटरमध्ये तयार फिल्म तेवढी ठेवतो, बाकी सगळं काम संपलं की पुसतो, नाहीतर पुढच्याला जागा होत नाही. तरी मी गेला महिनाभर शोधतोय. ललितच्या खोलीवर जाऊन ट्रंक उचकली, त्या कडव्याचा कागदही नाही. त्याच्या जोडीदारांना विचारलं, नवऱ्या मुलाकडे भेस्तानला जाऊन आलो. कुणाकडे काही नाही. आता मी काय करू ते तूच सांग.

तुझा अपराधी,
हिलाल


पिंपरखेडे
३० जानेवारी २००५

चि. हिलाल यास,

आशीर्वाद आहेतच, ते काही मी परत घेत नाही. पण तुझं पत्र वाचून मी दोन दिवस तुझ्याशी मनातल्या मनात भांडत होते. लोक हसतील म्हणे! कोण लोक? ज्यांची नावंही आपल्याला ठाऊक नाहीत, त्यांच्यासाठी तू त्याचं एवढंसं मागणं मोडलंस? आणि आता महिनाभर शोधतोस. बैल गेला आणि झोपा केला.

हे लिहिलं आणि मग तू त्या स्टुडिओत एकटा बसलेला डोळ्यांपुढे आला. तुला तरी कुठे माहीत होतं की तो चार महिन्यांचा सोबती आहे. जाऊ दे. रडत बसू नकोस.

मायला मी सांगणार होते. तोंड उघडलंही. तर तिने मलाच विचारलं की कॅसेट आली की आधी आबांच्या घरी पेढे द्यायचे का नंतर. आता सांग, कशी बोलू? तू आहे तशी कॅसेट भर आणि पाठव. फिल्मवाला आवाज ललितचाच म्हणून मी सांगेन. मगन आबांनाही सांगून ठेवलंय, ते गप्प राहतील. तिचा कान आता साठीपार गेलाय, शिवाय भोंग्यातून आवाज बदलतो, असं म्हणू. खोटं बोलल्याचं पाप माझ्या माथी. तुझ्या माथी आधीच पुरेसं आहे.

ज्योतीला यातलं काही बोलू नकोस. प्रकृतीला जप.

अक्का


पांडेसरा, सुरत
१२ फेब्रुवारी २००५

ती. अक्कास शि. सा. नमस्कार. वि. वि.

धुडकूबरोबर कॅसेट पाठवतोय. हे पत्र मायला वाचायला हरकत नाही.

रविवारी स्टुडिओ बंद होता. मी व्हीसीआर उघडून साफ केला, कॉम्प्युटरच्या तारा त्याला जोडल्या, आबांची कॅसेट पहिल्यापासून लावली आणि सरळ भरायला घेतलं. त्या कॅसेटवर आधी काय होतं ते पाहिलं नाही. जुनं मशीन, उगाच फिरवून टेप गुंतली तर काय, म्हणून. पावणेतीन तास जागचा हललो नाही. दोनदा अडकलं, दोनदा पहिल्यापासून केलं. तिसऱ्यांदा योगिताच्या पाठवणीपर्यंत नीट भरलं. चित्र चांगलं आलंय.

माय, कान देऊन ऐक. आणि भाकर पूर्ण खा.

सर्वांना नमस्कार. तुमच्या सगळ्यांच्या मायेवरच इथले दिवस ढकलतोय.

हिलाल


पिंपरखेडे
२७ फेब्रुवारी २००५

चि. हिलाल यास अक्काचे आशीर्वाद. वि. वि.

काय लिहू आणि कुठून सुरू करू? काल दुपारी आबांच्या ओट्यावर कॅसेट लावली. माय आंघोळ करून, नवं लुगडं नेसून आली. अर्धी गल्ली जमली होती. हळद झाली, वरात झाली, गाणी वाजत होती आणि माय हाताने सगळ्यांना गप्प करत होती. मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा मी मोठ्याने म्हणाले की माय, हा बघ आपला ललित. सगळ्यांनी माना डोलावल्या.

तिने दोन कडवी ऐकली. मग माझ्याकडे तोंड वळवून शांतपणे म्हणाली की हाऊ मना ललित नही. मी भोंग्याचं कारण सांगितलं, सर्दीचं सांगितलं. ती म्हणाली, पोरी, आंधळी झाले, येडी नाही झाले. त्याला पाजलंय मी. तरी खाटेवरून उठली नाही. योगिताची पाठवणी होईपर्यंत तशीच बसून राहिली. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

लग्न संपलं. पडद्यावर मुंग्या आल्या. आबा बंद करायला उठले, बायका पदर झटकून निघाल्या, आणि तेवढ्यात मुंग्यांमधून ढोल वाजायला लागला. तुझ्या भरण्यानंतर जी टेप उरली होती, तिच्यावर आबांची जुनी कानबाई! विसर्जनाची मिरवणूक नदीकडे निघालेली. पुढे माय चालतेय, ताठ पाठीची, डोक्यावर कानबाई घेऊन. आणि मागच्या गर्दीत एक पोर हरवून रडतंय, माय वं, कोठे शे तू, माय वं, कोठे शे तू, असं ओरडतंय. तो आपला ललित, हिलाल! सात वर्षांचा, चड्डीला एकच पट्टा.

निघालेल्या बायका परत ओट्यावर बसल्या. आपल्या भाऊकीत दंडक आहे ना, कानबाई डोक्यावर असताना वाटेत बोलायचं नाही, मागे वळायचं नाही. पडद्यावरची माय वळली नाही, तशीच चालत राहिली. आणि खाटेवरची माय, इथेच आहे अशी ओ देत, एकदम मोठ्याने म्हणाली की आठेच शे रे बाप, आठेच शे. मग कॅसेट संपली.

म्हणाली, त्या दिवशी मला त्याला ओ देता आली नव्हती. नंतर घरी येऊन तो रुसला होता. तिने ते आज पुन्हा लावायला लावलं, पुन्हा पुन्हा. संध्याकाळी पूर्ण भाकर खाल्ली, वर ठेचा मागितला.

हे सुख कुणाला सांगू असं झालंय. तुझं सगळं माफ.

तुझी अक्का


पांडेसरा, सुरत
४ मार्च २००५

ती. अक्कास शि. सा. नमस्कार. वि. वि.

पत्र तीनदा वाचलं. ज्योतीलाही वाचून दाखवलं, आता तिला सगळं सांगितलंय. अक्का, उरलेली टेप फार तर दहा-बारा मिनिटांची होती. त्याआधी पावणेतीन तासांची कानबाई होती. रोटांचा नैवेद्य, गाणी, सगळी भाऊकी. त्यात ललित किती वेळा असेल, कितीदा बोलला असेल! मी न बघता, न ऐकता वर भरत गेलो, आणि चांगलं भरलं म्हणून खूश होतो. एकाच भावाचा आवाज मी दोनदा पुसला. हे मायला कधीही कळू देऊ नकोस, एवढी भीक घाल.

दुसरं, हे पत्र हाती पडताच व्हीसीआर बंद करा. सोळा वर्षांची टेप आहे. प्रत्येक फेरीला तिच्यावरची पूड झडते, आणि आवाज टेपच्या कडेला असतो, तो आधी जातो. तोच तोच तुकडा मागेपुढे फिरवला तर पाच-सहा आठवड्यांत काही उरणार नाही. धुडकू होळीला येतोय, त्याच्याबरोबर कॅसेट पाठव. मी ती कॉम्प्युटरमध्ये उतरवून घेतो, मग हव्या तितक्या प्रती काढता येतील. काहीही बदलणार नाही, ढोलसुद्धा कमी करणार नाही. मुलांची शपथ.

पाया पडतो, एवढं ऐक.

हिलाल


पिंपरखेडे
१७ एप्रिल २००५

चि. हिलाल यास अक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

धुडकू होळीला आला आणि रिकाम्या हाताने परत गेला, ते तुला कळलंच असेल. त्याच्यावर चिडू नकोस. मी मायला सगळं समजावलं. पूड, कड, प्रती, सगळं. लग्नातल्या फाटक्या आवाजाचं तर तिने माझ्याकडून आधीच काढून घेतलंय. ती ऐकून घेते आणि कॅसेट पदराखाली धरून बसते. म्हणते, हिलाल लेक गुणाचा आहे, पण त्याच्या हाती दिलं की तो नीटनेटकं करतो. पोर रडतंय म्हणून तो ते रडणं काढील. फाटका आवाज त्याला चालत नाही. मला फाटकाच हवा. मी म्हटलं, त्याने मुलांची शपथ घेतलीय. ती म्हणाली, शपथ खरी आहे गं, हात कुठे ऐकतो?

मी चोरून पाठवणार होते. खोटं नाही सांगत, एकदा पिशवीत घातलीही होती. ती झोपेत चाचपत होती, म्हणून परत ठेवली. मगन आबांनी व्हीसीआर बिघडला असं सांगून पाहिलं, तर तिने दोन दिवस ताटाला हात लावला नाही. मग तेच म्हणाले, मशीन सुधारलं. ते तरी काय करणार? आता ती रोज चहाच्या वेळी काठी टेकत ओट्यावर जाते, एकदा ऐकते आणि येऊन जेवते. लावू नको म्हणावं तर ती जेवत नाही, लावावं तर टेप झडते. तूच सांग, यातलं मी कुठलं थांबवू?

आखाजीला ये. माय म्हणते, त्याला सांग, यंत्र आणू नको, वायर आणू नको, माझ्या खाटेशी बस आणि नुसतं ऐक. पण ये तो लवकर ये, हिलाल. तू लिहिलं होतंस तसंच होत चाललंय. मागच्या आठवड्यापासून ढोलात नुसती खरखर आहे. कोठे शे तू, हे आता ऐकू येत नाही. नुसतं माय वं, तेवढं राहिलंय, तेही एकदाच.

ती तेवढ्यालाच ओ देते.

ज्योतीला, मुलांना घेऊन ये. वाट पाहणारी,

तुझी अक्का